जाळी काढायचं पत्र

“तेवढं वाक्य तुमच्या तोंडून एकदा ऐकवाल का, अक्का?”

पोरीनं तिसऱ्यांदा विचारलं.

अक्का परसात बसून शेंगा फोडत होती. एक फोडली, दाणे सुपात टाकले. दुसरी उचलली.

मी मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभी होते. ते वाक्य अक्काचं नव्हतंच. ते मी लिहिलं होतं. अक्काच्या नावानं, अक्काला न विचारता.

आणि त्या वाक्यापायी ही पोरगी येत्या रविवारी वीस फुटांवरून पडायची होती.

काय झालं ते सांगते.

हौसाक्का माझी मावशी. सारं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही. सातव्या वर्षी सर्कशीत गेली आणि पन्नाशीला आली तेव्हा परत आली. बावीस वर्षं ती तारेवर चालली. तंबूत उंचावर ताणलेली बोटाएवढी तार, त्यावर हातात छत्री घेऊन या टोकाकडून त्या टोकाला. पोस्टरवर तिचं नाव मिस रोझी असं छापायचे. गावात कोणी त्या नावानं हाक मारली तर शिव्या खाऊन जायचा.

परत येताना तिनं फक्त छत्री आणि तारेचा एक तुकडा आणला. छत्री माळ्यावर आहे. तार आम्ही परसात दोन खांबांना ताणली, कमरेच्या जरा वर. त्यावर वाकळा वाळत घालतो.

अक्काला अक्षर येत नाही. मी चौथी पास. गावात माझी पिठाची गिरणी आहे, नवऱ्याच्या माघारी मीच चालवते. गिरणीच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागली, ती घरातही सुटत नाही. माझ्याशी कोणी वाकडं बोलत नाही, कारण मग पीठ जाडं निघतं.

दोन वर्षांपूर्वी पहिलं पत्र आलं. कुंदा भोरे, वय अठरा, तारेवर चालणारी. तिला सर्कशीत एक जुनी पेटी मिळाली होती. झाकणाच्या आतून अक्काचं पोस्टर चिकटवलेलं. त्यावरनं तिनं कुणाकुणाला विचारून पत्ता काढला. चार पानं लिहिली होती. मी अक्काला वाचून दाखवली.

नजर कुठं ठेवू, असं विचारलं होतं.

“जितं जायाचं तितं,” अक्का म्हणाली.

छत्री कुठल्या हातात धरू?

“जो मोकळा आसंल त्यात.”

तुम्ही किती वेळा पडलात?

“मोजलं न्हाई.”

झालं. चार पानांना तीन ओळी. आंतरदेशीय पत्र केवढं असतं… तीन ओळी लिहून झाल्या आणि खाली सगळा निळा कागद कोरा. मला ते बघवेना. चांगला कागद वाया चाललेला मला सहन होत नाही. मग मी खाली लिहिलं, इकडं थंडी पडली आहे, हरभरा बरा आहे, तू दूध पीत जा.

पोरीचं उत्तर आलं. दूध पिते म्हणाली. तुमची आज्ञा म्हणून पिते म्हणाली.

इथून मला चढली.

अक्का एक ओळ सांगायची, मी दहा लिहायची. आधी हवापाणी, मग चार शहाणपणाच्या गोष्टी. पाय भुईवर असो की तारेवर, माणसानं मान ताठ ठेवावी. लोकांच्या टाळ्या म्हणजे कोंडा, पीठ वेगळं. असलं काहीबाही. पोरगी पुढच्या पत्रात नेमकी माझीच वाक्यं उचलायची आणि खाली लिहायची, अक्का, हे मी रोज म्हणते. ती पत्रं अक्काला वाचून दाखवताना तेवढ्या ओळी मी गाळायची.

चौथी पास बाईचं वाक्य कोणी रोज म्हणतंय. गिरणीवर मी ते आठवून एकटीच हसायची.

दिवाळीनंतर तिचं एक रडकं पत्र आलं. दुसऱ्या एका सर्कशीत एक मुलगी जाळी न बांधता तारेवर चालते, लोक तिकडं जातात. माझ्या खेळाला लोक उठून वडे खायला बाहेर जातात. जाळी बघितली की त्यांना वाटतं, ही काय मरत नाही. अक्का, तुम्ही जाळी बांधत होता का?

मी अक्काला वाचून दाखवलं.

अक्कानं पत्र माझ्या हातातून घेऊन घडी घातली.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाली. “ह्याचं उत्तर मागनं देऊ.”

त्याच दिवशी माझ्या गिरणीचा पट्टा तुटला होता. वर एका गिऱ्हाइकानं, बाईमाणसाला हे यंत्र झेपत नाही, असं तोंडावर सुनावलं होतं. मी तशीच पेटलेली. कागद पुढं घेतला आणि लिहिलं: जाळी भित्र्यांसाठी असते. मी बावीस वर्षं जाळीशिवाय चालले. ज्याला पडायचं असतं तोच जाळी बांधतो.

लिहून झाल्यावर तीनदा वाचलं. मला ते फार आवडलं. जीभ लावून पत्र चिकटवलं आणि टाकलं पेटीत.

दोन महिन्यांनी, या सोमवारी तिचं उत्तर आलं. ते वाक्य आरशावर चिकटवलंय. मालकाला सांगितलं, रविवारी संध्याकाळच्या खेळाला जाळी काढायची. मिरजेत तंबू पडलाय, रिक्षातून पुकारत फिरतायत. अक्का, आता मला भीती वाटत नाही.

मी ते पत्र जोंधळ्याच्या डब्यात खाली खुपसलं.

दुपारीच एक कार्ड लिहून टाकलं. जाळी काढू नको, मागचं पत्र चुकून लिहिलं गेलं. कार्ड कधी पोचेल, पोचलं तर ती मानेल का… मंगळवारी मी एकाच्या जोंधळ्यात दुसऱ्याचे गहू ओतले. बुधवारी माझ्या हातातलं माप दोनदा पडलं. अक्कानं विचारलं, पोरीचं पत्र न्हाई का आलं गं? मी नाही म्हणाले. अक्काशी मी पहिल्यांदा खोटं बोलले. बोलताना तिच्याकडं बघितलं नाही.

गुरुवारी पोरगीच आली.

अकराच्या एस.टी.नं उतरली. सडपातळ, वेणी घट्ट ओढलेली, मान अशी ताठ की जणू डोक्यावर घागर आहे. रस्त्यानं येताना पाय एकापुढं एक टाकत येत होती. सरळ अक्काच्या पायाशी वाकली. वाकली ती उठेना. अक्काच्या टाचांच्या भेगा बघत बसली.

माझं कार्ड तिला मिळालं नव्हतं. आल्या आल्या मी तेच आधी विचारलं. तिला कळलंही नाही मी कशाचं विचारते.

मग तिनं पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला. लाल रिबिनीत बांधलेला. म्हणाली, अक्का, तुमच्या पत्रांना पांढरी पावडर असते. पाय सटकू नये म्हणून आपण तळव्यांना लावतो ना, तसली. तुम्ही मुद्दाम घालून पाठवता हे मी ओळखलं. मी ती झटकून डबीत ठेवते आणि खेळाआधी चिमूटभर लावते.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. माझे हात कोपरापर्यंत पांढरे.

“जोंधळ्याची हाय ती,” अक्का म्हणाली.

पोरीला वाटलं अक्का चेष्टा करते. ती हसली. मला हसू आलं नाही. दोन वर्षं ही तळव्यांना माझं पीठ लावून तारेवर चढत होती.

त्यानंतर तिनं ते पत्र उघडून वाक्य वाचलं आणि अक्काला ते स्वतःच्या तोंडून म्हणायला सांगितलं. एकदा, दोनदा. रविवारी वर चढताना तुमचा आवाज कानात पाहिजे, म्हणाली.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही.

“ते मी लिहिलंय,” मी म्हणाले.

पोरीची मान वळली.

मग मी सगळं ओकले. निळा कागद, पट्टा, डब्यातलं पत्र, सगळं. अक्का जाळीबद्दल एक शब्दही बोलली नव्हती हे सांगितलं. मी जन्मात तारेवर पाय ठेवला नाही हेही सांगितलं. पोरी, तू आजच जाऊन मालकाला सांग, म्हणाले.

ती ऐकून घेत होती. तिचे कान लाल झाले. वाटलं, आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

तिनं पत्राची घडी घातली.

“कोणी का लिहिलेलं असेना,” ती म्हणाली. “दोन महिने मी त्याच्यावर उभी आहे. रविवारी जाळी निघणार.”

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की सुटले. खऱ्याला कोणी विचारत नव्हतं.

मी अक्काकडं वळले. अक्का, तू सांग. तू सांगितलंस तर ऐकेल.

अक्का शेंगा फोडत होती.

पोरीनंच विचारलं. आता तिच्या आवाजात मघाची मऊसूत भक्ती नव्हती.

“तुमच्या वेळी जाळी होती?”

“व्हती.”

“रोज?”

“रोज. श्येवटची गाठ मी सोता बांधायची. तंबूवाल्यांस्नी हात लावू द्यायची न्हाई.”

“मी ती गाठ कधी बघितलीही नाही. तंबूवालेच बांधतात आमची.” ती थांबली. “म्हणजे तुम्हाला भीती वाटायची.”

“व्हय.”

“कधीपर्यंत?”

“उतरंपत्तुर.”

पोरगी खाली बघून जरा हसली. ते हसू मला आवडलं नाही. दोन वर्षं देव्हाऱ्यात ठेवलेली बाई साधी म्हातारी निघाली, तसलं हसू.

“मग मी तुमच्या पुढं जाईन, अक्का.”

“जा की.”

…

शेजारच्या कोंबड्या टरफलात उकरत होत्या. मी बोटं मोजत होते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

अक्कानं सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात रेटून उठली.

“गोदे, तारंवरच्या वाकळा काढ.”

मी काढल्या, घडी न करता दगडावर टाकल्या.

“गिरणीतलं स्टूल आण.”

आणलं.

“चढ.”

मला कळेना. अक्का, कुठं चढू?

“कागदावर चढलीस की. आता हितं चढ.”

माझं वय शेहेचाळीस. वजन गिरणीच्या काट्यावर मी कधी बघत नाही. एरवी असतं तर अक्कालाही चार शब्द ऐकवले असते. पण सोमवारपासून छातीवर जो धोंडा होता त्यानं माझं तोंड बंद केलं होतं. वाटलं, मोडला पाय तर मोडू दे. कुठंतरी फेड होईल.

पदर खोचला. स्टुलावर चढले. एका हातानं खांब धरला आणि उजवा पाय तारेवर ठेवला.

तार हलली.

कमरेएवढी उंची. लहान पोरंही उडी मारतात तिथून. पण तारेवरून भुई बघा एकदा. खाली कपडे धुवायची फरशी, तिची कड वर आलेली. बरोबर माझ्या डोक्याखाली येईल अशी.

“दुसरा पाय,” अक्का म्हणाली.

ठेवला. तार तळव्यात रुतली. ती माझ्या अंगाला घेऊन डावीउजवीकडं झोके खायला लागली. दोन्ही हातांनी मी खांबाला मिठी मारली.

“आता खांब सोड.”

“अक्का…” मी म्हणाले.

“सोड.”

मी एक हात सोडला. दुसऱ्याची बोटं खांबावर नुसती टेकलेली. पोटऱ्या अशा थरथरायला लागल्या की त्या माझ्या राहिल्याच नाहीत.

पोरगी पुढं आली होती. मला ती दिसत नव्हती, तिचा आवाज येत होता. गुडघे वाकवा, म्हणत होती. खाली बघू नका. मग ती अक्काकडं वळली असावी.

“अक्का, त्यांना उतरवा. खाली फरशी आहे.”

“आसू दे.”

“डोकं आपटेल त्यांचं.”

अक्का जरा थांबली. मग सावकाश, एकेक शब्द मोजून, माझंच पत्र माझ्यासमोर वाचल्यासारखं म्हणाली,

“जाळी भित्र्यांसाठी असते.”

…

आजवर अक्काच्या तोंडून एवढी शुद्ध भाषा मी ऐकली नव्हती. पोरीला जे हवं होतं ते तिला मिळालं. तिनं तीनदा मागितलं होतं.

मी खाली बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं.

पोरगी दगडावरच्या वाकळा ओढत होती. हाताला लागली ती पहिली वाकळ तिनं फरशीवर टाकली. टाकून थांबली नाही. चारी कोपरे ओढून ताणले. खाली खडा होता तो चाचपडून काढला. तळहातानं मधोमध दाबून बघितलं, पुरते का. नाही पुरत. दुसरी वाकळ दुमडून वर घातली. फरशीच्या कडेवर आणखी एक. ओठ दातात धरले होते. मान आता ताठ नव्हती, पार गुडघ्यापर्यंत वाकली होती.

अक्का तिच्या हातांकडं बघत होती. माझ्याकडं नाही.

माझी बोटं खांबावरून सुटली.

पडले ते धप्पकन. माकडहाडातून कळ डोक्यापर्यंत गेली. डोकं वाकळेवर, कडेपासून टीचभर आत. काही मोडलं नाही. पोरगी माझ्या शेजारीच पडली होती, कारण मी पडताना तिनं मला धरायला हात घातले होते. तिचं नाक माझ्या पिठाच्या दंडाला लागून पांढरं झालं होतं.

तिनं माझा दंड अजून सोडला नव्हता.

“लागलं का?” तिनं विचारलं.

नाही म्हणाले. लागलं होतं.

डोक्यावर तार अजून हलत होती. हळूहळू थांबली.

अक्का परत जाऊन सुपाशी बसली. शेंगा संपत आल्या होत्या.

मी चहा टाकला. पोरीनं अर्धा प्याला. कोणी जाळीचं नाव काढलं नाही. मलाच विचारायचं होतं, पण जीभ रेटेना. आतापर्यंत तिच्याशी मी फार बोलले होते. पत्रांचा गठ्ठा तिनं पिशवीत घातला, पुन्हा काढला, रिबीन सोडली, पुन्हा बांधली. नाकावरचं पीठ तसंच होतं.

तीनच्या एस.टी.ची वेळ झाली. ती अक्काच्या पाया पडली. या वेळी पटकन उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. आमच्याकडं पाठ करून उभी राहिली.

“रिक्षावाला अजून पुकारतोय,” ती म्हणाली. “सगळी मिरज येणार रविवारी.”

अक्कानं सुपातली टरफलं फुंकली.

“अक्का… रविवारी मी काय करू?”



अक्कानं शेवटची शेंग फोडली. दाणे बघितले. एक किडका होता, तो कोंबड्यांना टाकला. मग फरशीकडं हात केला. बाकीच्या मी उचलल्या होत्या, पण तिथं अजून ती पहिली वाकळ पडली होती, चारी कोपरे ताणलेली. ती अक्काची रोजची पांघरायची. तिच्याशिवाय तिला थंडीत झोप येत नाही.

“ती वाकळ तेवढी घिऊन जा.”